सोफा हलवला, खड्डे राहिले: गालिच्याची दबलेली लव उठवायची कशी?

मे महिना उजाडला की न्यू जर्सीपासून लंडनपर्यंतच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर घरबदलीचे प्रश्न सुरू होतात. ट्रक कुणाचा स्वस्त, जुनी गादी कुणाला हवी आहे का, आणि त्यातच एक हमखास: ‘सोफा हलवला तर कार्पेटमध्ये चार खड्डे पडलेत. परवा किल्ली द्यायची आहे. काय करू?’ दोन मिनिटांत उत्तर येतं, ‘बर्फ ठेव.’ पाठोपाठ कुणी मावशी लिहितात, ‘बर्फाच्या नादी लागू नकोस, इस्त्रीची वाफ दे.’ मग व्हिनेगरवाले येतात. कार्पेट कशाचं आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

पुण्या-मुंबईच्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट क्वचितच दिसतं. तिथे फरशीवर गालिचा अंथरलेला असतो आणि दिवाळीच्या साफसफाईत टीपॉय उचलला की त्याच्या पायांचे ठसे नजरेला पडतात. प्रश्न तोच.

बर्फाने खड्डा भरतो हे पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही. गार वस्तू ठेवल्याने दबलेली गोष्ट वर कशी येईल? तर गारव्याचा यात काडीचाही हात नाही. काम करतं ते वितळलेलं पाणी, आणि तेही सगळ्या गालिच्यांवर नाही. काही गालिच्यांवर ते पाणी वाया जातं, काहींची तर कायमची वाट लावतं.

खड्डा पडतो तो नेमका कशात?

गालिचा वरून एकसंध दिसतो, पण त्यात थर असतात. सगळ्यात वर उभे धागे, ज्यांवर आपला पाय टेकतो. त्यांना या लेखात लव म्हणू या. लवेखाली तिला धरून ठेवणारं कापड असतं, ती पाठ. परदेशातल्या कार्पेटखाली बहुधा आणखी एक थर असतो, साधारण सेंटिमीटरभर जाडीची फोमची गादी. दुकानदार तिला अंडरले म्हणतात.

आता थोडं गणित. पुस्तकांनी भरलेलं १२० किलोचं कपाट घ्या. चार पाय, प्रत्येक पाय २ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटरचा. म्हणजे एका पायाच्या वाट्याला ३० किलो, आणि ते पेलायला जागा फक्त ४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर साडेसात किलो. साठ किलोचा माणूस दोन्ही पाय टेकून उभा राहिला, तर त्याच्या तळव्यांखाली साधारण ३०० चौरस सेंटिमीटर जागा येते. दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम २०० ग्रॅम. आपण दिवसभर त्याच कार्पेटवर फिरतो आणि त्याला काही होत नाही, कपाट मात्र वळ उठवतं, ते यामुळे. शिवाय आपण पाऊल उचलतो. कपाट उचलत नाही.

एवढ्या दाबाखाली फक्त लव आडवी झाली असेल तर ती उठवता येते. खालचा फोम चेपला असेल तर वरून कितीही बर्फ ठेवा, खोलगटपणा राहणारच. ओळखायचं कसं? खड्ड्याच्या मधोमध बोटांनी लव दोन बाजूंना फाकवा आणि तळाशी पाठीला बोट लावा. तसंच शेजारी, न दबलेल्या जागी करा. दोन्हीकडे पाठ एकाच पातळीला लागली तर फक्त लवेचं दुखणं आहे. खड्ड्यात बोट आणखी खाली जात असेल तर फोम बसला आहे. फोम थोडाफार आपोआप फुगतो, त्याला आठवडे लागू शकतात, पण वर्षानुवर्षं जड पलंगाखाली चिरडलेला फोम पूर्ववत होत नाही. फरशीवर नुसत्या अंथरलेल्या गालिच्याला ही भानगड नसते. त्याचा खड्डा उथळ असतो आणि तो बहुतेक वेळा लवेचाच असतो.

भार गेला तरी लव उभी का राहत नाही?

कार्पेटचा धागा पिळून, वाफेच्या किंवा गरम हवेच्या यंत्रातून काढून त्याला पीळ आणि उभा आकार पक्का करून दिलेला असतो. तो दाबला की वाकतो, सोडला की परत येतो. पण सततच्या दाबाखाली धाग्यातले लांबलचक रेणू एकमेकांवरून हळूहळू सरकतात आणि नव्या, वाकलेल्या अवस्थेत स्थिरावतात. म्हणून आठवड्याभराचा खड्डा दोन दिवस चालण्या-फिरण्याने आणि व्हॅक्युम क्लीनर फिरवण्याने निघून जातो. पाच वर्षांचा तसा जात नाही.

त्या रेणूंना पुन्हा हलायला लावायचं, तर धागा काही वेळ मऊ करावा लागतो. प्रत्येक धाग्याचं एक तापमान असतं. त्याखाली तो ताठ आणि हट्टी, त्यावर तो लवचिक. शास्त्रात याला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात, आपण नुसतं ‘उंबरठा’ म्हणू. उंबरठा ओलांडायला दोन वाटा. धागा तापवा, किंवा त्यात ओलावा मुरवा, कारण पाणी शिरलं की काही धाग्यांचा उंबरठाच खाली येतो. कोरड्या नायलॉनचा उंबरठा ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, पण ते भिजलं की तो खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो. लोकरीत हा फरक आणखी मोठा: कोरड्या लोकरीचा उंबरठा दीडशे अंशांच्याही वर, पूर्ण भिजलेल्या लोकरीचा साध्या खोलीच्या तापमानाखाली.

केस ओले असताना वेणी घालून झोपलं आणि सकाळी वाळल्यावर सोडली, तर केसांना लाटा येतात. पुन्हा भिजवून विंचरले की लाटा जातात. लोकर आणि केस दोन्ही केराटिन नावाच्या एकाच प्रथिनाचे. पाणी शिरलं की त्यातले काही कमजोर बंध सुटतात आणि वाळताना, केस ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत, पुन्हा जुळतात. ‘वाळताना’ हा शब्द इथे महत्त्वाचा. ओल्या केसांना आकार मिळत नाही, तो वाळताना मिळतो. गालिच्याचंही तेच. बहुतेक जण बर्फ ठेवतात, तो वितळतो, आणि मग उद्या बघू म्हणून निघून जातात. लव आडवीच असते आणि आडवीच वाळते. मग ‘काही उपयोग झाला नाही’ असा निरोप गटावर पडतो. भिजवणं हे अर्धंच काम. लव उभी धरून वाळवणं हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते तेच मोठं.

आधी गालिच्याची जात ओळखा

कोपरा उलटून मागची पट्टी बघा. पुष्कळ गालिच्यांवर धाग्याचं नाव लिहिलेलं असतं. भाड्याच्या घरात पट्टी सापडत नाही. अशा वेळी भिंतीतल्या कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातून किंवा दाराच्या चौकटीपाशी सुटलेल्या टोकातून एक-दोन धागे कात्रीने कापा. ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, धागे त्यात बुडवून बोटांनी चांगले चोळा, म्हणजे अडकलेली हवा निघेल, आणि सोडून द्या. पाच मिनिटांनी बघा. धागा तरंगत वर आला तर तो पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा धागा. त्याची घनता पाण्याहून कमी, ०.९ च्या आसपास. नायलॉन, पॉलिएस्टर, लोकर, सगळे तळाला जातात. काडी ओढून धागा जाळून बघण्यापेक्षा ही परीक्षा मला जास्त आवडते, विशेषतः धुराचा अलार्म असलेल्या घरात.

पॉलिप्रॉपिलीन वेगळं काढायचं कारण हे की तो पाणी शोषतच नाही. नायलॉन हवेतला ओलावा त्याच्या वजनाच्या चारेक टक्के धरतं, लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी, पॉलिप्रॉपिलीन जवळपास शून्य. बर्फाचा उपाय कुणाला लागू पडेल हे या आकड्यांतच दिसतं. लोकर आणि नायलॉन यांना नक्की. पॉलिएस्टरला नुसत्या पाण्याने फारसा नाही, कारण त्याचा उंबरठा ७०-८० अंशांना आहे आणि ओलाव्याने तो फारसा खाली येत नाही. त्याला वाफच हवी. पॉलिप्रॉपिलीनला बर्फ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि आता ज्यांना पाणी अजिबात लावायचं नाही ते. हल्ली ‘बांबू सिल्क’, ‘आर्ट सिल्क’ अशा नावांनी चमकदार, अंगाला मऊ लागणारे गालिचे सर्रास विकले जातात. हे बहुतेक वेळा व्हिस्कोज असतं, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून काढलेला धागा. भिजलं की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, लव एकमेकांत चिकटून कडक होते आणि वाळल्यावर पिवळट डाग राहतो. दिवाणखान्यातल्या अशा गालिच्यावर बर्फ ठेवणं म्हणजे खड्डा घालवायला जाऊन डाग विकत घेणं. ज्यूटलाही पाण्याने तपकिरी डाग पडतात. या दोन्हींना कोरडा मऊ ब्रश आणि धीर, एवढंच औषध.

हाताने गाठी मारलेल्या लोकरी गालिच्याची गोष्ट निराळी. भदोहीचा किंवा काश्मीरचा गालिचा असेल तर प्रत्येक गाठ ताण्याभोवती, म्हणजे विणकामातल्या लांबीच्या धाग्यांभोवती, घट्ट बांधलेली असते आणि लव चिवट असते. ती ओलाव्याला छान दाद देते. धोका रंगाचा. लाल आणि गडद निळे रंग कधीकधी सुटतात. पांढरं सुती फडकं ओलं करून, पिळून, प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर घरी काहीही करू नका, गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडे द्या. आजीच्या काळचा गालिचा असेल तर फडक्याला रंग लागो न लागो, मी तोच सल्ला देईन.

बर्फ कसा ठेवायचा

खड्ड्यावर आधी व्हॅक्युम क्लीनर फिरवा. धूळ ओली झाली की चिखल होतो, आणि मग खड्ड्याच्या जागी काळं वर्तुळ. लव उभी करायला व्हॅक्युमच्या ओढीचाही थोडा हात लागतो.

फ्रिजच्या साच्यातल्या एका खड्यात साधारण २० ते २५ मिलिलिटर पाणी असतं, चहाचे चार-पाच चमचे. सोफ्याच्या पायाच्या ठशाला एक पुरतो, पलंगाच्या पायाला दोन. बर्फच का, वाटीतून पाणी का नको? कारण बर्फ सावकाश, एकाच जागी, मोजून पाणी देतो. ओतलेलं पाणी लव मुरवून घेण्याआधीच पाठीतून खाली फोममध्ये उतरतं. बर्फाची सगळी करामत एवढीच आहे. फवाऱ्याच्या बाटलीने थोडं थोडं पाणी मारलं तरी चालतं, फक्त दर काही मिनिटांनी मारत राहायला हवं.

बर्फ पूर्ण वितळू द्या, गार खोलीत त्याला जास्त वेळ लागतो. त्यानंतर लगेच हात घालू नका. लोकरीला पाणी आत घ्यायला वेळ लागतो. दोन-चार तास जाऊ द्या, नायलॉनला थोडे कमी. मग पांढऱ्या सुती पंचाने किंवा टॉवेलने वरवरचं पाणी टिपा. टिपा, घासू नका. ओली लोकर घासली की तिचे तंतू एकमेकांत गुंतून तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला थर, होतो. काश्मीरमध्ये नमदा मुद्दाम असाच बनवतात, आपल्याला तो दिवाणखान्यात नको आहे.

आता खरं काम. चमच्याची कड किंवा बोटांची टोकं घेऊन लव कडेकडून मध्याकडे, खालून वर अशी उचलत या. कट पाइल असेल, म्हणजे प्रत्येक धाग्याचं टोक कापलेलं असेल, तर रुंद दातांचा कंगवाही चालतो. लूप पाइल असेल, म्हणजे धाग्यांचे बारीक फासे असतील, तर काटा-कंगवा काही नको. एक फासा ओढला गेला की पूर्ण ओळ उसवत जाते. तिथे फक्त बोटं.

लव उचलली की ती वाळेपर्यंत अधूनमधून परत उचलायची. हेअर ड्रायर असेल तर मध्यम आचेवर, वीतभर अंतरावरून, एका हाताने लव वर फुलवत दुसऱ्या हाताने वारा द्या. पहिल्या मिनिटाला काही दिसत नाही. मग खड्ड्याची कड पुसट होऊ लागते, एकेका झुपक्याचा पीळ सुटा होतो, आणि मधला दाबलेला गोल शेवटी उठतो, तोही निम्माच. पुन्हा एकदा तेच सगळं करावं लागतं. जुन्या खड्ड्याला दोन-तीन फेऱ्या लागणं हे नेहमीचं, त्यामुळे किल्ली देण्याच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.

मग वाफ सरळ जास्त चांगली, नाही का?

जास्त झपाट्याने काम करते, हे खरं. वाफ एकाच वेळी ऊबही देते आणि ओलावाही, म्हणून नायलॉन, पॉलिएस्टर आणि लोकर तिघांचाही उंबरठा ती ओलांडून देते. पण बर्फाने चूक झाली तर गालिचा ओला होतो. इस्त्रीने चूक झाली तर तो वितळतो.

वाफेची इस्त्री खड्ड्यापासून तीन-चार बोटं वर धरायची, टेकवायची नाही. दहा-पंधरा सेकंद वाफ, मग लव उचलायची, पुन्हा वाफ. इस्त्रीत वाफ नसेल तर सुती टॉवेल ओला करून, पिळून, दुहेरी करून खड्ड्यावर अंथरा आणि त्यावर इस्त्री काही सेकंद हलकेच टेकवून उचला. टॉवेल कोरडा पडू लागला की थांबा, कारण ओल्या टॉवेलखाली तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कोरड्याखाली जातं. इस्त्रीवरचे ठिपके लक्षात ठेवा: एक ठिपका साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. तीन ठिपक्यांवर ठेवलेली इस्त्री त्याला टेकली की चकचकीत, टणक चट्टा उमटतो. तो कुठल्याच उपायाने जात नाही. तेवढा तुकडा कापून दुसरा चिकटवावा लागतो. पॉलिप्रॉपिलीनच्या कार्पेटवरून जड सोफा भरकन ओढला तर नुसत्या घर्षणानेही धागे वितळून चमकदार रेघ उमटते. सोफा उचलून न्या, ओढू नका.

पॉलिप्रॉपिलीनचं काय करायचं?

स्वस्त, रंगीत, डाग न पकडणारे यंत्रावरचे गालिचे बहुधा याचेच. त्याचा उंबरठा शून्य अंशाच्याही खाली असतो. म्हणजे खोलीच्या तापमानाला हा धागा आधीच लवचिक असतो, भाराखाली सहज सरकतो आणि परत यायची ओढ त्यात कमी असते. पाणी आत जात नाही, फार तापवता येत नाही. राहिला हेअर ड्रायर, तोही कमी आचेवर, आणि बोटांनी लव उचलत राहणं. मग वारा बंद करून धागा गार होईपर्यंत ती उभी धरणं. निम्मा-पाऊण खड्डा भरला तर समाधान माना. भांडण गालिच्याशी नाही, धाग्याच्या स्वभावाशी आहे.

‘सगळं केलं, तरी जागा वेगळी दिसते’

अनेकदा तो खड्डा नसतोच. खिडकीतल्या उन्हाने आजूबाजूचा रंग उडालेला असतो आणि सोफ्याच्या पायाखालचा तेवढा तुकडा नवा कोरा राहिलेला असतो. लवेवर बोट फिरवा. सपाट लागत असेल आणि डोळ्याला फक्त रंग वेगळा दिसत असेल, तर उपाय संपले. कधी उलट असतं: लव उभी आहे, पण तिची टोकं झिजली आहेत. झिजलेला धागा परत येत नाही.

तिसरी शक्यता गंजाची. लोखंडी पायाचा पलंग असेल तर ठशात तपकिरी छटा आहे का ते पाणी लावण्याआधीच बघा. पाण्याने गंज पसरतो. याच कारणाने काम झाल्यावर ओल्या गालिच्यावर फर्निचर परत ठेवू नये. लोखंडाचा गंज आणि लाकडाच्या पॉलिशचा रंग दोन्ही ओल्या लवेत उतरतात, आणि तो डाग खड्ड्याच्या दसपट चिवट.

‘ओलं कार्पेट म्हणजे बुरशीला आमंत्रण’

ही शंका रास्त आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट बहुतेक वेळा टफ्टिंग पद्धतीचं असतं: लव सुयांनी पाठीतून ओवलेली आणि मागून लॅटेक्सच्या लेपाने चिकटवलेली. हा उद्योग अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावात वाढला. कॅथरीन एव्हान्स या मुलीने १८९५ मध्ये हाताने धागे ओवून एक चादर केली आणि त्या कलेतून पुढे यंत्रावरची कार्पेटं आली. गाठी मारलेल्या गालिच्याला जो गाठीचा आधार असतो, तो या लवेला नसतो. ती लेपाच्या भरवशावर उभी असते. पाणी पुन्हा पुन्हा खालपर्यंत मुरलं की लेप सुटतो, पाठ फुगते, आणि खालचा फोम ओलाच राहिला तर वास येऊ लागतो.

पण चार-पाच चमचे पाण्याने हे होत नाही. होतं ते भांडंभर पाणी ओतल्याने. जागा चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत, खणखणीत वाळली पाहिजे, एवढं पाळा. पंखा लावा. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात हा प्रयोग करू नका, तेव्हा टॉवेलसुद्धा दोन दिवस दमट राहतात. तेवढी घाई असेल तर पाणी वगळून हेअर ड्रायरवर भागवा.

व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याचं विचाराल तर वास घालवायला ठीक, लव उठवायला दोन्हींचा काही संबंध नाही. सोड्याची पूड तर लवेच्या तळाशी बसते आणि महिनाभर निघत राहते.

घरमालक अनामत रक्कम कापेल का?

इंग्लंडमध्ये २००७ पासून बहुतेक भाडेकरूंची अनामत रक्कम मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवणं घरमालकाला बंधनकारक आहे आणि वाद झाला तर त्या योजनेकडे विनामूल्य तोडगा मागता येतो. कॅलिफोर्नियात घरमालकाला २१ दिवसांत हिशेब द्यावा लागतो. दोन्हीकडे नियम सारखा आहे: नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. सोफ्याच्या पायांचे साधे ठसे सर्वसाधारणपणे या झिजेतच मोडतात.

इस्त्रीने वितळलेला चट्टा मात्र मोडत नाही. ते नुकसान, आणि त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात. म्हणून भाड्याच्या घरात धाग्याची खात्री नसेल तर इस्त्रीला हात लावू नका. बर्फ, बोटं, हेअर ड्रायर. नाहीच जमलं तर खड्डा तसाच राहू द्या आणि घरात शिरताना काढलेले फोटो जपून ठेवा.

पुन्हा पडू नयेत म्हणून

वरच्या गणितातच उत्तर आहे: भार कमी करता येत नसेल तर जागा वाढवा. पायांखाली ठेवायचे प्लॅस्टिकचे किंवा लाकडी कप मिळतात. सात सेंटिमीटर व्यासाचा कप म्हणजे ३८ चौरस सेंटिमीटर जागा. तेच ३० किलो त्यावर आले की दाब साडेसात किलोवरून पाऊण किलोच्या आसपास येतो, जवळजवळ दहावा हिस्सा. फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून पायाला चिकटवतात त्या फेल्टच्या चकत्या इथे कामाच्या नाहीत, त्या पायाएवढ्याच असतात. कपाची कड बोथट हवी. पातळ, धारदार कडेचा कप लव कापत जातो.

दुसरं म्हणजे दोन-तीन महिन्यांनी फर्निचर चार बोटं सरकवणं. टीपॉय आणि खुर्च्यांना हे सहज जमतं. पुस्तकांच्या कपाटाला कुणी सरकवत नाही, मीही नाही. त्याच्याखाली कप ठेवा. नवीन घरात सामान लावताना जड कपाटं शक्यतो खिडकीपासून लांब, भिंतीलगत लावा, म्हणजे पुढे ती हलवली तरी उडालेल्या रंगाचा चौकोन मागे उरणार नाही. लाकडी पाय असतील तर कप आणि पाय यांमध्ये पॉलिथिनचा छोटा तुकडा घाला. कार्पेट धुतल्यावर फर्निचर लगेच परत ठेवावं लागलं, तर पॉलिशचा रंग खाली उतरणार नाही.